अल्पाइन पहिल्यांदा सेट करताय? मेल आणि न्यूज एकाच टर्मिनलमध्ये, पायरीपायरीने

टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या टाइप केलेल्या कमांडवर चालणाऱ्या खिडकीत, मेल वाचायची म्हटलं की बहुतेक जण म्युट या मेल प्रोग्रामचं नाव घेतात, ईमॅक्सवाले असतील तर ग्नूसचं, आणि दोन्ही चांगलेच आहेत, पण ज्याने आजवर एकही कॉन्फिग फाइल (सेटिंग्जची फाइल) हाताने लिहिलेली नाही त्याला मी डोळे झाकून अल्पाइन सांगतो. कारण साधं आहे. बाकीच्यांमध्ये आधी फाइल लिहायची आणि मग प्रोग्राम उघडायचा, अल्पाइनमध्ये प्रोग्राम आधी उघडतो आणि सगळी सेटिंग्ज त्याच्या आतच मेनूमध्ये बसलेली असतात, प्रत्येक सेटिंगला स्वतःची मदतीची नोट सुद्धा असते. मात्र सेटिंग्ज शेकड्यांनी आहेत, आणि नवीन माणूस नेमका तिथेच गांगरतो. म्हणून हा लेख. कुठल्या सेटिंगला हात लावायचा, कुठल्या क्रमाने लावायचा, आणि कुठल्या सेटिंग्ज सहा महिने तशाच सोडून द्यायच्या, एवढं सांगतो. शीर्षकातलं न्यूज म्हणजे यूजनेटचे चर्चा-ग्रुप, ते शेवटच्या पायरीत.

थोडा मागचा भाग, कारण त्यावरून पुढचे काही शब्द कळतात. अल्पाइनचा बाप म्हणजे पाइन, तो १९८९ मध्ये अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये सुरू झाला, तिथल्या कॉम्प्युटर न येणाऱ्या स्टाफला सुद्धा मेल वापरता यावी म्हणून. त्याच युनिव्हर्सिटीत मार्क क्रिस्पिन होते, ज्यांनी आयमॅप (सर्व्हरवर ठेवलेली मेल वाचायची पद्धत) बनवलं, त्यामुळे पाइन आणि आयमॅप जवळजवळ एकाच घरात वाढलेत आणि आजही अल्पाइनचं आयमॅप फार पक्कं आहे. पाइनच्या लायसन्सवर लोकांच्या तक्रारी होत्या, म्हणून ते नव्याने बांधून २००७ च्या शेवटी अपाची लायसन्सखाली अल्पाइन म्हणून बाहेर आलं. युनिव्हर्सिटीने पुढे काम थांबवलं, आता एदुआर्दो चापा ते सांभाळतात. सेटिंगची फाइल अजून पाइनआरसी याच नावाने असते ती यामुळे. (नॅनो एडिटर वापरला असेल तर तो पाइनच्या पिको एडिटरची नक्कल म्हणून जन्माला आलेला, त्यामुळे मेल लिहिताना बऱ्याचशा कीज ओळखीच्या वाटतील.)

एक सूचना आधीच. स्क्रीनवर सगळी नावं इंग्रजी लिपीत दिसतील, मी इथे ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. सर्व्हरचं नाव, स्लॅश, पर्याय वगैरे टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.

बसायच्या आधी हाताशी काय हवं

इन्स्टॉल करणं सोपं आहे, डेबियन, उबुंटू, फेडोरा सगळीकडे अल्पाइन नावाचंच पॅकेज आहे, मॅकवर होमब्रूमध्ये आहे, विंडोजसाठी पीसी-अल्पाइन मिळतं. फक्त नेटवर मदत शोधताना लक्ष ठेवा, अल्पाइन लिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम पूर्ण वेगळी आहे आणि सर्चमध्ये तीच जास्त येते, त्यामुळे 'अल्पाइन ईमेल' किंवा 'अल्पाइन पाइन' असं शोधायचं.

मग एका कागदावर चार गोष्टी लिहून घ्या. तुमच्या मेलवाल्याच्या आयमॅप सर्व्हरचं नाव, एसएमटीपी (म्हणजे मेल पाठवणाऱ्या) सर्व्हरचं नाव, दोन्हीचे पोर्ट (सर्व्हरला जोडायचा नंबर), आणि लॉगिनला पूर्ण ईमेल पत्ता लागतो की फक्त पुढचं नाव. पोर्ट बहुतेक वेळा ठरलेले असतात: आयमॅप एन्क्रिप्टेड असेल तर ९९३, मेल पाठवायला ५८७ किंवा ४६५. जीमेलवाल्यांनी आणखी एक काम करायचं, नेहमीचा पासवर्ड इथे चालत नाही, गूगलने मे २०२२ मध्ये पर्सनल अकाउंटसाठी ती सोय बंद केली, त्यामुळे टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड काढायचा. नव्या आवृत्त्यांमध्ये एक्सओऑथटू (प्रोग्रामला पासवर्ड न देता लॉगिन करायची पद्धत) पण आहे आणि ते जास्त नीट आहे, पण त्याची मांडणी लांबलचक आहे, पहिल्या दिवशी ॲप पासवर्डच घ्या.

आता उघडा

टर्मिनलमध्ये अल्पाइन टाइप करून एंटर. पहिल्या वेळी स्वागताचं पान येतं, त्यातून ई दाबून बाहेर या, की मेन मेनू दिसेल. आता पाच मिनिटं काहीही बदलू नका, फक्त खालच्या दोन ओळी बघा. त्या स्क्रीनवर चालणाऱ्या कीज कायम तिथे लिहिलेल्या असतात, सगळ्या मावत नसतील तर ओ दाबला की उरलेल्या दिसतात. कुठेही अडकलात तर प्रश्नचिन्ह दाबा, मदत उघडते. एम दाबला की मेन मेनू, एल म्हणजे फोल्डरची यादी, आय म्हणजे चालू फोल्डरमधल्या मेल्सची यादी, सी म्हणजे नवीन मेल, क्यू म्हणजे बाहेर. एवढ्यावर महिनाभर निघतो.

सेटिंगसाठी मेन मेनूमधून एस, मग सी. हीच ती लांबच लांब यादी, आणि इथे दोन कीज तुमचा जीव वाचवतात. डब्ल्यू म्हणजे शोध, सेटिंगच्या नावातला एखादा शब्द टाका की कर्सर तिथे जातो, स्क्रोल करत बसायची गरज नाही. दुसरी प्रश्नचिन्ह, कर्सर ज्या सेटिंगवर आहे तिची पूर्ण माहिती उघडते, डिफॉल्ट काय, बदललं तर काय होईल, दुसऱ्या कुठल्या सेटिंगशी संबंध आहे, सगळं. मी बरेच मेल प्रोग्राम वापरलेत पण इतकी मन लावून लिहिलेली मदत दुसरीकडे पाहिली नाही. व्हॅल्यू बदलायची असेल तर सी, यादीत भर घालायची असेल तर ए, आणि ज्या सेटिंगसमोर चौकोनी कंस आहे ती एक्स ने चालू-बंद. बाहेर पडताना ई, मग सेव्ह करू का विचारतो, वाय.

माझा एकच नियम आहे आणि तो सगळ्यांनी पाळावा असं मला मनापासून वाटतं: एका वेळी एकच बदल, मग बाहेर पडून बघायचं, मग पुढचा. दहा सेटिंग एकदम बदलल्या आणि मेल जायची थांबली तर कशामुळे थांबली ते शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाते.

पायरी १, तुम्ही कोण आहात

यादीत अगदी वर पर्सनल नेम आहे, तिथे तुमचं नाव टाका, त्याखाली युजर डोमेन, तिथे ईमेल पत्त्यातला ॲटच्या नंतरचा भाग. आणि इथेच नवीन माणसाचा पहिला पाय घसरतो. अल्पाइन तुमचा पत्ता कसा बनवतं, तर मशीनवरचं लॉगिन नाव घेतं आणि त्याला डोमेन जोडतं. लॉगिन नाव आणि ईमेलचं नाव एकच असेल तर ठीक, पण बहुतेकांचं नसतं. मी पहिल्यांदा सेट केलं तेव्हा मेल जात होत्या, एरर काही नाही, आणि आठवडाभर एकाही मेलला उत्तर आलं नाही, शेवटी एकाने फोन करून सांगितलं की तुझ्या पत्त्यावर पाठवलेलं परत येतंय. बघतो तर फ्रॉममध्ये लॅपटॉपचं लॉगिन नाव.

इलाज असा. डब्ल्यू दाबून कस्टमाइज्ड हेडर्स शोधा, ए दाबा, आणि तिथे फ्रॉम, कोलन, मग तुमचं नाव, मग कोनी कंसात पूर्ण ईमेल पत्ता लिहा. त्यासोबत अलाऊ चेंजिंग फ्रॉम ही सेटिंग चालू आहे ना ते बघा, सहसा असतेच. तुमचे आणखी पत्ते असतील तर ते ऑल्टरनेट ॲड्रेसेस मध्ये भरा, याचा फायदा असा की सगळ्यांना उत्तर देताना तुमचाच पत्ता यादीत घुसत नाही, आणि मेलच्या यादीत जी मेल थेट तुमच्या नावावर आलीय तिच्यापुढे अधिकचं चिन्ह दिसतं. हे चिन्ह दिसायला बारीक आहे पण दिवसाला शंभर मेल येणाऱ्याला खरं काम कुठलं आणि नुसती कॉपी कुठली ते एका नजरेत कळतं.

पायरी २, मेल बाहेर जाऊ दे

एसएमटीपी सर्व्हर या सेटिंगवर जा आणि ए दाबा. आता एका ओळीत, मध्ये स्पेस न सोडता: सर्व्हरचं नाव, कोलन, ५८७, स्लॅश, टीएलएस, स्लॅश, युजर, इक्वल टू, तुमचं लॉगिन. मेलवाला ४६५ पोर्ट सांगत असेल तर ५८७ च्या जागी ४६५ आणि टीएलएसच्या जागी एसएसएल. दोन्हीत फरक आहे, ५८७ वर आधी साधं कनेक्शन होतं आणि मग ते एन्क्रिप्ट केलं जातं, ४६५ वर पहिल्या क्षणापासूनच एन्क्रिप्टेड. जोड्या उलट्या केल्या तर कनेक्शन लटकून राहतं किंवा तुटतं, आणि मिळणारी एरर वाचून हे कारण लक्षात येईलच असं नाही.

सर्टिफिकेटची तक्रार आली तर नेटवर कोणीतरी तुम्हाला नो-व्हॅलिडेट-सर्ट नावाचा पर्याय जोडायला सांगेल. नका जोडू. त्याचा अर्थ समोरचा सर्व्हर खरा आहे का हे तपासूच नको, आणि तुमचा पासवर्ड त्याच सर्व्हरला जाणार आहे. सर्व्हरच्या नावाचं स्पेलिंग तपासा, मशीनचं घड्याळ बरोबर आहे का बघा, ९९ टक्के वेळा यातलंच काहीतरी असतं म्हणायला हरकत नाही.

आता सेव्ह करून बाहेर पडा, अल्पाइन बंद करून परत उघडा, सी दाबून स्वतःलाच एक मेल लिहा, कंट्रोल-एक्स ने पाठवा. फ्रॉम बरोबर दिसतंय ना ते दुसरीकडे, म्हणजे फोनवर किंवा वेबमेलमध्ये उघडून बघा.

पायरी ३, मेल आत येऊ दे

इनबॉक्स पाथ वर सी दाबा. तो आधी सर्व्हरचं नाव विचारतो, तिथे आयमॅप सर्व्हरचं नाव, स्लॅश, एसएसएल, स्लॅश, युजर, इक्वल टू, लॉगिन. पोर्ट लिहायची गरज नाही, एसएसएल म्हटलं की ९९३ तो स्वतः धरतो. मग फोल्डरचं नाव विचारतो, तिथे इनबॉक्स. झालं.

पण याने फक्त इनबॉक्स दिसतो, सर्व्हरवरचे बाकीचे फोल्डर दिसत नाहीत, आणि मग लोकांना वाटतं अल्पाइनला फोल्डर येतच नाहीत. त्यासाठी मेन मेनूमधून एस, मग एल, म्हणजे कलेक्शन लिस्ट. ए दाबा, निकनेममध्ये तुम्हाला कळेल असं काही नाव, सर्व्हरमध्ये वरचीच ओळ जशीच्या तशी, पाथ रिकामा सोडा, कंट्रोल-एक्स. आता एल दाबलं की मशीनवरचे फोल्डर आणि सर्व्हरवरचे फोल्डर असे दोन गट दिसतील. सर्व्हरवाला गट यादीत पहिला आणा, त्याच स्क्रीनवर जागा बदलायची की खाली लिहिलेली आहे, कारण पहिल्या गटालाच अल्पाइन घर समजतं आणि सेव्ह केलेली मेल तिथे जाते.

याच्याशी जोडलेली सेटिंग म्हणजे डिफॉल्ट एफसीसी, पाठवलेल्या मेलची कॉपी कुठे ठेवायची. काही न बदललं तर सेंट-मेल नावाच्या फोल्डरमध्ये जाते. तुमच्या सर्व्हरवर फोल्डरचं नाव सेंट असेल तर तेच इथे लिहा, म्हणजे फोनवरून पाठवलेलं आणि इथून पाठवलेलं एकत्र राहील. जीमेल मात्र पाठवलेली मेल स्वतःच ठेवतं, त्यामुळे तिथे प्रत्येक मेल दोनदा दिसायला लागते. ते थांबवायला या सेटिंगमध्ये नुसती डबल अवतरण चिन्हांची रिकामी जोडी टाका.

पासवर्ड प्रत्येक वेळी विचारतो, हे डिफॉल्ट आहे आणि दुसऱ्यांसोबत वापरायच्या मशीनवर ते तसंच राहू द्या. स्वतःच्या लिनक्स मशीनवर एक रिकामी फाइल बनवा, तिचं परमिशन फक्त स्वतःपुरतं ठेवा, आणि अल्पाइन चालू करताना डॅश पासफाइल हा पर्याय देऊन तिचं नाव सांगा, मग तो पासवर्ड साठवू का असं विचारतो. तुमची आवृत्ती एस-माइमसह (मेल एन्क्रिप्ट करायची सोय) बनवलेली असेल तर ही फाइल एन्क्रिप्ट होते आणि एक मास्टर पासवर्ड मागते. तो द्याच, वगळू नका.

आता थांबा. खरंच. मेल येते, मेल जाते, दोन-तीन दिवस असंच वापरा. या दिवसांत एक गोष्ट अंगवळणी पाडून घ्या, ती म्हणजे डी दाबल्याने मेल जात नाही, तिच्यावर फक्त डिलीटची खूण होते, यू दाबला की खूण निघते, आणि एक्स दाबून होय म्हटलं की मगच ती खरंच जाते. या एका कारणामुळे अल्पाइनमध्ये चुकून मेल घालवणं अवघड आहे, म्हणून एक्सपंज विदाऊट कन्फर्म नावाच्या सेटिंग्ज दिसल्या तर त्यांना हात लावू नका.

पायरी ४, जे चालू केल्याशिवाय अर्धं अल्पाइन दिसतच नाही

परत एस, सी. खालच्या गोष्टींपैकी काही तुमच्याकडे आधीच चालू असतील, कंसात एक्स दिसतोय का बघा आणि नसेल तर करा.

सगळ्यात आधी एनेबल ॲग्रिगेट कमांड सेट. हे नसलं तर तुम्ही एकेक मेल घेऊन बसाल. हे असलं की मेलच्या यादीत सेमीकोलन दाबायचा, मग काय निवडायचं ते सांगायचं, तारखेप्रमाणे, पाठवणाऱ्याप्रमाणे, विषयातल्या शब्दाप्रमाणे, न वाचलेल्या, काहीही. निवडलेल्या मेल्सच्या पुढे एक्स दिसतो. मग झेड दाबला की फक्त तेवढ्याच दिसतात, आणि ए दाबून कुठलीही कमांड दिली की ती सगळ्यांना लागू. म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या सगळ्या नोटिफिकेशन निवडा, झेड ने एकदा नजर फिरवा की चुकीचं काही आत आलं नाही ना, मग ए आणि डी. निवडीवर परत निवड करून ती अरुंद किंवा रुंद सुद्धा करता येते, म्हणजे अमुक माणसाकडून आलेल्या आणि त्यातल्या फक्त गेल्या महिन्यातल्या. वेबमेलमध्ये चौकोनांवर टिक करत बसणाऱ्याला हे एकदा जमलं की परत जावंसं वाटत नाही, माझं तरी अल्पाइन सुटत नाही ते मुख्यतः यामुळे.

एनेबल फुल हेडर कमांड चालू करा, एच दाबला की मेलचे सगळे हेडर, म्हणजे मेल कुठून कशी आली त्या वरच्या ओळी, दिसतात, फसवी मेल ओळखायला लागतं. एनेबल युनिक्स पाइप कमांड चालू केलं की उभी रेघ दाबून मेल कुठल्याही दुसऱ्या प्रोग्रामला देता येते, लागेल तेव्हा कळेल. एनेबल फ्लॅग कमांड म्हणजे तारा दाबून मेल महत्त्वाची म्हणून खूण करायची.

उत्तर देताना मूळ मजकुराच्या खाली लिहायची सवय असेल तर सिग्नेचर ॲट बॉटम चालू करा, नाहीतर सही वर आणि मजकूर खाली असं विचित्र होतं. स्वतःचा आवडता एडिटर असेल, विम वगैरे, तर एडिटर या सेटिंगमध्ये त्याचं नाव टाका आणि एनेबल ऑल्टरनेट एडिटर कमांड चालू करा, मग लिहिताना कंट्रोल-अंडरस्कोर दाबलं की तो उघडतो. पण नवीन असाल तर अल्पाइनचा स्वतःचा एडिटर पुरतो. लिहिता लिहिता उठावं लागलं तर कंट्रोल-ओ, मेल बाजूला ठेवली जाते, पुढच्या वेळी सी दाबल्यावर तो विचारतो की जुनी पुढे लिहायची का.

मराठीत मेल लिहिणाऱ्यांसाठी. अल्पाइन आतून युनिकोडवरच चालतं, पाइनला जे जमत नव्हतं ते याला जमतं, त्यामुळे टर्मिनलचं लोकेल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) यूटीएफ-८ असेल तर देवनागरी जाते आणि येते. स्क्रीनवर मात्र जोडाक्षरं आणि वेलांट्या कधी कधी सरकतात, कर्सर एका जागी आणि अक्षर दुसऱ्या जागी असं होतं, तो टर्मिनलचा भाग आहे, अल्पाइनमध्ये शोधत बसू नका. दुसरं टर्मिनल वापरून बघा, फरक पडतो. पाठवलेली मेल समोरच्याला नीटच दिसते.

पायरी ५, नियम

एस, मग आर. इथे बरेच प्रकार आहेत, पण कामाचे चार. रोल्स म्हणजे वेगवेगळे अवतार, ऑफिसच्या मेलला उत्तर देताना ऑफिसचा पत्ता आणि ऑफिसची सही, घरच्याला घरची. इंडेक्स कलर म्हणजे अमुक प्रकारच्या मेलची ओळ अमुक रंगात. फिल्टर्स म्हणजे येणारी मेल आपोआप फोल्डरमध्ये. आणि अदर, ज्याच्याकडे कोणी बघत नाही.

फिल्टर बनवताना दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. पहिली, पॅटर्न रिकामा सोडला तर तो सगळ्या मेलला लागू होतो, कारण अट नाही म्हणजे सगळंच चालतं. म्हणून नवा फिल्टर बनवताना कृती म्हणून डिलीट कधीही निवडू नका, आधी एखाद्या फोल्डरमध्ये हलवायला सांगा, आठवडाभर त्या फोल्डरमध्ये काय काय जमतंय ते बघा, मग ठरवा. दुसरी, हे फिल्टर अल्पाइन उघडं असतानाच चालतात. फोनवर सुद्धा वर्गवारी झालेली हवी असेल तर सर्व्हरच्या बाजूला फिल्टर लावा, बऱ्याच मेलवाल्यांकडे त्यासाठी सीव्ह नावाची नियमांची भाषा असते, तिथलं काम तिथेच होऊ दे.

आता ते अदर. मेलच्या यादीत डॉलर दाबून क्रम बदलता येतो, तारखेप्रमाणे, विषयाप्रमाणे, थ्रेडप्रमाणे (म्हणजे एका चर्चेतल्या मेल्स एकत्र), पण तो त्या वेळेपुरता. इनबॉक्स उलट्या क्रमाने म्हणजे नवीन वर, आणि चर्चेचे फोल्डर थ्रेडप्रमाणे, असं कायमचं हवं असेल तर अदरमध्ये एक नियम बनवा, फोल्डरचा प्रकार निवडा आणि त्याला क्रम नेमून द्या. प्रकारात न्यूज हा वेगळा पर्याय आहे. तो निवडून थ्रेड लावून ठेवा, पुढच्या पायरीला लागणारच आहे. थ्रेडमध्ये असताना स्लॅश दाबला की अख्खी चर्चा एका ओळीत मिटते, परत दाबला की उघडते.

पायरी ६, न्यूज

न्यूज म्हणजे बातम्या नव्हेत. यूजनेट, १९७९ मध्ये ड्यूक युनिव्हर्सिटीतल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांच्या डोक्यातून निघालेलं, विषयवार ग्रुप्समध्ये चालणारं आणि जगभरच्या सर्व्हर्सवर एकमेकांना कॉपी होत पसरणारं. कोणाच्या एकाच्या मालकीचं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगल ग्रुप्सने त्याच्या नव्या पोस्ट घेणं आणि पाठवणं बंद केलं, तेव्हा पुष्कळांना वाटलं संपलं, पण संपलेलं नाही, उलट तिथून येणारा स्पॅम थांबला. मजकुराच्या ग्रुप्ससाठी इटर्नल सप्टेंबर नावाचा फुकट सर्व्हर आहे, रजिस्ट्रेशन करून लॉगिन मिळतं.

सेटिंग तेच परत. एनएनटीपी सर्व्हर (न्यूज जिथून येते तो) या ओळीवर ए, मग सर्व्हरचं नाव, कोलन, ५६३, स्लॅश, एसएसएल, स्लॅश, युजर, इक्वल टू, लॉगिन. एन्क्रिप्शन नसलेला जुना पोर्ट ११९, पण लॉगिन पाठवायचंय तर ५६३ च घ्या. अल्पाइन बंद करून उघडा, एल दाबा, न्यूजचा वेगळा गट दिसेल. त्यात जाऊन ए दाबा म्हणजे सबस्क्राइब, ग्रुपच्या नावाचा तुकडा टाकलात तरी जुळणारी यादी येते. पाच-सहाच घ्या. नको झालेला ग्रुप डी ने काढायचा. तुमचे ग्रुप आणि काय वाचलं ते न्यूजआरसी नावाच्या फाइलमध्ये राहतं, दुसरे न्यूजरीडर पण तीच फाइल ओळखतात.

आणि आता ती गोष्ट जिच्यावर जवळजवळ प्रत्येक नवीन माणूस अडतो. दुसऱ्या न्यूजरीडरमध्ये पोस्ट उघडली की ती वाचलेली धरतात आणि पुढच्या वेळी लपवतात. अल्पाइन तसं करत नाही, ते न्यूजला मेलसारखंच वागवतं, तुम्ही डी दाबून खूण केली तरच ती पोस्ट झाली असं मानतं. म्हणून लोक रोज ग्रुप उघडतात आणि तेच जुनं परत समोर. यासाठी न्यूज ऑफर्स कॅचअप ऑन क्लोज चालू करा, ग्रुपमधून बाहेर पडताना तो विचारेल की सगळं झालं समजू का, होय म्हटलं की पुढच्या वेळी फक्त नवीन. एकच पोस्ट बऱ्याच ग्रुप्समध्ये टाकलेली असते, त्यासाठी न्यूज डिलीट्स ॲक्रॉस ग्रुप्स, एका ठिकाणी डी केलं की सगळीकडून जाते. बाकीची न्यूजची सेटिंग्ज तशीच राहू द्या.

उत्तर देताना आर दाबला की तो विचारतो, ग्रुपवर द्यायचं, लिहिणाऱ्याला मेलने द्यायचं की दोन्हीकडे. हा प्रश्न वाचून मग उत्तर द्या, घाईत खासगी उत्तर जगजाहीर झालं तर ते मागे घेता येतं असं समजू नका. पहिली पोस्ट टाकून बघायची असेल तर मिस्क डॉट टेस्ट हा ग्रुप त्यासाठीच आहे, चालू चर्चेत चाचणीची पोस्ट टाकू नका. तुमचा फ्रॉममधला पत्ता सगळ्यांना दिसतो आणि साठवला जातो, म्हणून न्यूजसाठी वेगळा पत्ता ठेवा, आणि रोल्समध्ये एक रोल बनवून फोल्डरचा प्रकार न्यूज असेल तर तोच पत्ता लागू दे. सहीच्या आधीची ओळ दोन डॅश आणि एक स्पेस अशी ठेवा, बरेच रीडर ती बघून उत्तरातून सही आपोआप कापतात, आणि सही चार ओळींच्या वर नेऊ नका, ती तिथली जुनी रीत आहे.

रंगांबद्दल एवढंच की युनिक्सवर डिफॉल्ट रंग बंद असतात, एस मग के दाबून सगळ्यात वरच्या पर्यायात टर्मिनलप्रमाणे किंवा ॲन्सी २५६ रंग निवडा, आणि मग फक्त एकच करा, वाचताना उद्धृत मजकुराचे तीन थर तीन रंगात. लांब चर्चेत कोण कोणाला बोलतोय ते यानेच कळतं.

शेवटचं काम बॅकअप

हे सगळं होम डिरेक्टरीतल्या डॉट पाइनआरसी नावाच्या एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असतं, पत्त्यांची वही डॉट ॲड्रेसबुकमध्ये, आणि न्यूजचे ग्रुप डॉट न्यूजआरसीमध्ये. या तीन फाइल्स कॉपी करून ठेवा, आणि मोठा बदल करायच्या आधी तारखेसकट परत एक कॉपी. फाइल एडिटरमध्ये उघडलीत तर प्रत्येक सेटिंगच्या वर तिचं वर्णन लिहिलेलं सापडेल, हाताने बदलायला काही हरकत नाही, फक्त अल्पाइन पूर्ण बंद करून मगच बदला, नाहीतर कोणाचं सेव्ह कोणावर चढतं ते सांगता येत नाही. नवीन प्रयोग करायचा असेल तर मूळ फाइलला हात न लावता तिची कॉपी करा आणि अल्पाइन चालू करताना डॅश पी देऊन त्या कॉपीचं नाव सांगा, आवडलं तर मूळच्या जागी ठेवा, नाही आवडलं तर पुसून टाका. पासवर्डची फाइल मात्र या बॅकअपमध्ये टाकू नका, नवीन मशीनवर पासवर्ड पुन्हा टाइप करायला एक मिनिट लागतं.